दाढ किडलेली नाही, तरी का दुखते?

श्रोतेहो, नमस्कार. दाढ ठणकते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जावे, एक्स-रे काढावा, कीड कुठेच दिसू नये आणि दुखणे मात्र थांबू नये, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी ‘एकदाची काढूनच टाका’ असा हट्ट कृपया धरू नका, कारण कळ जिथे जाणवते तिथेच तिचे मूळ असते असे नाही.

सहज न सापडणारे एक कारण म्हणजे दाढेला गेलेली बारीक चीर. सुपारी फोडताना किंवा भातातला खडा जोरात दाताखाली आल्यावर ती पडू शकते आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. मात्र घास चावताना, विशेषतः चावून दाब सोडताना, क्षणभर तीव्र कळ येऊन लगेच ओसरते, ही तिची खूण आहे. डॉक्टर दाढेच्या एकेका टोकावर चावायला लावून तिचा माग काढतात आणि ती वेळेत सापडली, तर बहुधा कॅप बसवून दाढ वाचवता येते. म्हणून नुसते ‘दुखते’ न म्हणता चावताना दुखते की सोडताना, गार पाण्याने आलेली कळ लगेच जाते की रेंगाळते, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.

मशेरीने किंवा जोरात ब्रश केल्याने दात झिजून हिरड्या खाली सरकल्या, की दात शिवशिवतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. सर्दीचा संबंध मात्र लक्षात येत नाही. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला लागून असल्यामुळे सायनस सुजला, की एकाच बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकल्यावर ठणका वाढतो.

तोंड धुताना किंवा गालाला वारा लागताच विजेच्या झटक्यासारखी कळ येऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार असू शकतो. या विकारात चांगल्या दाढा काढल्या जातात आणि कळ तशीच राहते, याचे फार वाईट वाटते.

एक शक्यता मात्र तातडीची आहे. जिना चढताना किंवा भरभर चालताना खालचा जबडा दुखू लागतो आणि थांबल्यावर शमतो, असे होत असेल तर हृदयाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. जबड्याच्या दुखण्यासोबत घाम सुटला, धाप लागली किंवा छाती भरून आली, तर दातांच्या दवाखान्याची वाट न धरता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.