वाळूशी पैज

[वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहत. दुपार. डंपर शेडखाली मागे येतोय.]

ओरसंग नदीची वाळू वाहून हा डंपर म्हातारा झालाय. इंजिन ठणठणीत आहे, गेलाय तो तळाचा पत्रा. हेल्पर हातोडी मारून बघतो, तर आवाज रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा येतो. मागच्या कडेला व्हर्नियर लावून जाडी मोजली: ४.२ मिलिमीटर. बसवला तेव्हा १० चा होता, एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा. झीज मागेच जास्त, कारण डंपर उपडा करताना सगळा माल शेपटावरूनच घसरत जातो.

“काका, परत एमएसच टाकायचा?”

“नाही रे. या वेळी चारशेचा.”

मिस्त्रीकाका दांडिया बाजारातले. घरात मराठी, शेडमध्ये गुजराती, आणि पत्र्याशी बोलायची भाषा आकड्यांची.

[क्लोज-अप: यंत्राखाली पॉलिश केलेला तुकडा.]

चारशे हा ब्रिनेल अंक, कठीणपणाचं माप. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली जगापुढे मांडलेली परीक्षा अगदी सरळ आहे. १० मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी ३००० किलोच्या भाराने पत्र्यावर काही सेकंद दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. साध्या एमएसवर तो जवळजवळ ५ मिलिमीटर रुंद पडतो, चारशेच्या पत्र्यावर जेमतेम ३. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्येच कलाभवन काढलेल्या या गावात असल्या परीक्षेचं कुणाला नवल वाटू नये. पण भिंगातून ते दोन खळगे शेजारी शेजारी बघितले की नवल वाटतंच.

हा कठीणपणा येतो कुठून? मिश्रणात फार काही दडलेलं नाही. कार्बन बेताचाच, थोडं मँगनीज, क्रोमियम, आणि बोरॉन तर टक्क्याच्या काही हजारांश भागाएवढं. खरी करामत पाण्याची. पत्रा ९०० अंशांच्या आसपास तापवून त्यावर दोन्ही अंगांनी पाण्याचे फवारे सोडतात. पोलादातल्या कार्बनला सावरून बसायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात.

आता गंमत बघा. वाळूतला क्वार्ट्झ या पत्र्याहूनही कठीण असतो, चारशेच काय, पाचशेच्या पत्र्याहूनसुद्धा. म्हणजे पैज आपण हरणारच आहोत. फक्त किती वर्षांनी हरायचं, एवढंच ठरवायचं.

म्हणूनच हा पत्रा सगळीकडे दिसतो: सिमेंट कारखान्यात माल ओतायच्या हॉपरमध्ये, कोळसा घसरवणाऱ्या शूटमध्ये, एक्स्कॅव्हेटरच्या बकेटला. शिवाय वजनाचा हिशेब आहेच. १० मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ७८.५ किलो भरतो, ६ चा ४७.१. पातळ पण कठीण पत्रा टाकला की वाचलेलं वजन मालाच्या खात्यात जमा.

खडी फोडणाऱ्या जॉ क्रशरच्या जबड्यात मात्र दुसरंच पोलाद लागतं. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं, ११ ते १४ टक्के मँगनीजचं. ते ठोके खाऊन कठीण होतं. नुसती वाळू घसरत राहिली तर त्याला ठोका बसत नाही आणि ते मऊच राहतं. “जबड्याला चाललं म्हणून तळाला चालेल” हा हिशेब इथे फसतो.

[गॅस कटिंगची ज्योत.]

पाण्याने दिलेलं आग परत नेते. पत्रा २००–२५० अंशांच्या वर बराच वेळ राहिला की कठीणपणा उतरायला लागतो. एका ठेकेदाराने गॅसने अरुंद पट्ट्या कापल्या होत्या. पट्टी अख्खी तापली आणि चारशेचे पैसे मोजून घरात जवळपास एमएसच आला. मिस्त्रीकाका अजून ती पट्टी दाखवतात, जरा तिरकस हसून. बारीक तुकडे प्लाझ्माने पाण्यात, नाहीतर वॉटरजेटने कापावेत, असं ते सांगतात.

वेल्डिंगची खोडी वेगळी. रॉड दमट असेल तर हायड्रोजन सांध्यात शिरतो. संध्याकाळी सांधा धडधाकट दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारी केसाएवढी चीर. म्हणून लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमधून गरम काढायचे, आणि जाड पत्रा आधी थोडा शेकून घ्यायचा. सांध्याची धातू मुद्दाम मऊ ठेवतात. ताण सोसायचं काम तिचं, घासून घ्यायचं काम पत्र्याचं.

[संध्याकाळ. नवा तळ बसलाय.]

हेल्पर डंपरमध्ये उतरतो आणि खडूने तळावर तारीख लिहायला लागतो.

“अरे, पहिल्याच खेपेत पुसली जाईल ती. वहीत लिही. आणि जाडीपण लिही, मागच्या कडेची.”