प्रतापगड: एवढ्या गर्दीत जावं का?

(दृश्य: वाहनतळ. टॅक्सी, एसटी, सहलीच्या बस. सुरुवातीला फक्त तिथला आवाज.)

डिसेंबरातला रविवार, भर दुपार. प्रतापगडाच्या वाहनतळावर गाडी वळवायलाही जागा नाही. महाबळेश्वरच्या टॅक्सी, आगाराची एसटी, सांगली-मिरजेकडून आलेल्या शाळांच्या सहली. पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देत उभे आहेत.

साताऱ्यात प्रतापगडाचं नाव काढलं की बहुतेक जण म्हणतात, "शाळेच्या सहलीत बघितलाय." पुढं पाहुणे आले तर त्यांच्याबरोबर एकदा जाणं होतं, तेही महाबळेश्वरच्या फेरीत गड बसतो म्हणून. डोंगर चढणारी पोरं वासोट्याला जातात, कमळगडाला जातात. प्रतापगडाला नको म्हणतात. तिथं जत्रा असते, म्हणतात.

जत्रा असते, हे खरं आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सातारा जिल्ह्यातला त्यातला एकच किल्ला, तो हा. गर्दी आता वाढणारच.

मग जावं का?

जावं. पण गड जसा दाखवतात, त्याच्या उलट क्रमानं बघावा. सुरुवात वर नाही, खाली करावी.

(दृश्य: पार गाव. कोयनेवरचा दगडी पूल, पाण्याच्या पातळीवरून.)

हे पार. कुंभरोशीहून गडाकडे न वळता खाली उतरलं की लागतं. इथं रामवरदायिनीचं देऊळ आहे, आणि कोयनेवर हा शिवकाळातला दगडी पूल. त्याच्यावरून आजही ये-जा चालते. आम्ही सकाळपासून इथं होतो, तेवढ्या वेळात एकही पर्यटक फिरकला नाही. वर हजारो माणसं होती.

प्रतापगड कळायचा असेल तर इथं उभं राहून मान वर करून बघायला हवं.

(दृश्य: पुलावरून गड. मग जंगल, पायवाट.)

तुळजापूर, पंढरपूर करत आलेला अफझलखान १६५९ साली वाईला तळ देऊन बसला होता. तिथं सपाट मुलूख, कृष्णेचं पाणी, घोडदळाला दौडायला मोकळं रान. खानाचं बळ त्या मैदानात होतं. महाराज मैदानात उतरलेच नाहीत. ते जावळीत, या डोंगरावर येऊन राहिले. बोलणी सुरू झाली. खानाकडून कृष्णाजी भास्कर, महाराजांकडून गोपीनाथपंत बोकील. महाराजांचा निरोप एकच: आम्हाला भय वाटतं, आपणच जावळीत यावं.

खान आला. महाबळेश्वरच्या पठारावरून रडतोंडीचा घाट उतरून आला. आमचा कॅमेरा त्या बाजूच्या रानातून चालतो आहे, ते नीट बघा. दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. वर आभाळ दिसत नाही. पुढचा माणूस वळणाआड गेला की आवाजच तेवढा उरतो. मैदानात वाढलेली फौज, हत्ती, उंट, घोडी घेऊन, अशा रानातून एकामागं एक खाली आली आणि कोयनेच्या काठाला, इथं पारला, उतरली. तळ पडला तेव्हा बाहेर जायच्या वाटा मोजक्या होत्या, आणि त्या सगळ्या महाराजांच्या माणसांना पाठ होत्या. कान्होजी जेधे, बांदल, नेताजी पालकर, मोरोपंत, ज्याची त्याची जागा रानात ठरली होती. गडावरून तोफेचा इशारा व्हायचा होता.

गुरुवार, १० नोव्हेंबर १६५९. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. भेटीत काय झालं, वाघनखं, सय्यद बंडा, जिवा महाला, हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांना पाठ आहे. आम्ही ते परत सांगत नाही. तोफ झाली, रान उठलं, आणि पारचा तळ मोडला. अठरा दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला.

आमचं म्हणणं एवढंच, की ही लढाई भेटीच्या कितीतरी आधी जिंकली होती, ती या भूगोलानं आणि तो ओळखणाऱ्यांनी. तो भूगोल जसाच्या तसा समोर आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून लोक फोटो काढतात.

(दृश्य: ड्रोन. माची, टोकाचा बुरूज, भगवा. एक पूर्ण फेरी.)

१६५६ साली जावळी घेतल्यावर महाराजांनी या भोरप्या डोंगरावर किल्ला बांधायला सांगितला. काम मोरोपंत पिंगळ्यांकडे. जागा कुठली निवडली बघा. एका अंगाला कोयनेचं खोरं, दुसऱ्या अंगाला सावित्रीचं. कोकणातून पार घाटानं वर येणारा माणूस गडाच्या नजरेतून सुटत नाही. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,०८० मीटर. पण उंचीपेक्षा मोठी गोष्ट ही, की गड दोन वाटांच्या मधोमध बसला आहे.

(दृश्य: महादरवाजा, खालून चढत.)

आता पायऱ्या. दरवाजा कुठं दिसतो का? दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड तो लपवलेला आहे. वाट वळते, परत वळते, आणि एकदम समोर येतो. हल्ला करणारा तिथवर पोचतो तेव्हा तो तिन्ही बाजूंनी माऱ्यात असतो. हत्तीला धाव घ्यायला जागा नाही. आत देवड्या, पहारेकऱ्यांच्या. शाळेच्या मुलांना इथं पाच मिनिटं थांबवा, मास्तर. धडा इथंच आहे.

(दृश्य: जंग्या, आतून आणि बाहेरून.)

तटात ही भोकं दिसतात, त्या जंग्या. आत वाकून डोळा लावा, खालची वाट स्वच्छ दिसते. बाहेरून बघा, नुसता दगड. काही जंग्यांत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कोंबलेल्या आम्हाला सापडल्या. आम्ही त्या काढल्या.

तटाच्या कडेनं माचीवर चला. आमच्याबरोबर इथं चारच माणसं होती. हवा मोकळी असेल तर मकरंदगड दिसतो, महाबळेश्वरचं पठार दिसतं, नशीब असेल तर रायगडही.

(दृश्य: भवानी मंदिर, आरती.)

हे भवानीचं देऊळ. तुळजापूरला जाणं अवघड झालं, म्हणून महाराजांनी १६६१ साली देवी इथं स्थापली. इथली रांग ही पर्यटकांची रांग नाही. जावळीतल्या, वाईकडच्या घरांतली माणसं नवस फेडायला येतात. त्यांना गर्दी म्हणू नये.

(दृश्य: बालेकिल्ला, अश्वारूढ पुतळा.)

वर महाराजांचा अश्वारूढ पुतळा. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. त्या दिवशी पसरणी घाटात संयुक्त महाराष्ट्र समितीनं हजारो माणसांची निदर्शनं केली होती. सगळी गर्दी इथं असते. नमस्कार करा, फोटो काढा. पारपासून चालत इथवर आलात तर पुतळ्याची नजर कुठं लागली आहे, ते आपोआप कळतं.

(दृश्य: शिवज्योत घेऊन धावणारी पोरं, पहाट. निवेदन नाही.)

गर्दीचा भार गडावर पडतोच: तटावर, पाण्यावर, कुंभरोशीच्या रस्त्यावर. बारा किल्ल्यांची यादी झाली, आता वाहनतळ खाली न्यायचा का, हे ठरवायला हवं.

(दृश्य: आंबेनळी घाट, गाडीतून.)

साताऱ्याहून येणार असाल तर मेढा, केळघर करत महाबळेश्वर गाठा आणि आंबेनळी घाटानं खाली उतरा. सांगली, कराडकडच्यांनी साताऱ्यात मुक्काम करून पहाटे निघावं. महाबळेश्वरच्या टॅक्सी दहाच्या पुढं पोचायला लागतात, त्याआधी महादरवाजा गाठायचा. पावसाळ्यात धुकं असतं, गड हिरवा दिसतो पण खोरं दिसत नाही, आणि खोरंच बघायचं आहे. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात या, आठवड्यातला कामाचा वार धरून. आधी पार, मग महादरवाजा, मग तटाची फेरी, देऊळ, आणि शेवटी बालेकिल्ला. उतरताना गडावरच्या बायकांकडं पिठलं-भाकरी खा. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

आणि टॅक्सीवाला तासाभरात परत बोलवत असेल, तर या खेपेला गड राहू द्या. त्या तासात माचीपर्यंत जाऊन होत नाही.