चार खाड्या, चार बोटी आणि एक एसटी

नमस्कार मंडळी. मागे बोट दिसतेय ना, ती दाभोळहून सुटलीय. मी उभा आहे अलीकडे, धोपाव्याच्या जेट्टीवर. मधलं पाणी वाशिष्ठीचं. आज हीच खाडी कशी फिरायची ते सांगतो. फक्त ओलांडायची नाही, फिरायची.

आधी नकाशा समजून घ्या. कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून पश्चिमेला धावतात आणि समुद्राला मिळताना रुंद खाडी करतात. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्ग किनारा सोडून आतून जातो. किनाऱ्यावरची दोन गावं समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर आत चिपळूणपर्यंत जाऊन पुन्हा बाहेर यायचं. आपल्या आजी-आजोबांची पिढी म्हणूनच मुंबईहून आगबोटीने यायची. आता गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे. इथे तिला बरेच जण जंगलजेट्टी म्हणतात.

उत्तरेकडून निघालात तर अशा चार बोटी लागतात. आगरदांडा ते दिघी, म्हणजे राजपुरीची खाडी. मग बागमांडला ते वेशवी. तिथलं पाणी सावित्रीचं, थेट महाबळेश्वरहून आलेलं. बोटीत चढताना तुम्ही रायगड जिल्ह्यात असता, उतरता रत्नागिरीत. तिसरी ही, दाभोळ-धोपावे. चौथी तवसाळ ते जयगड, शास्त्री नदीच्या मुखाशी.

गाडी असेल तर चारही एका दिवसात उरकतात. मी पहिल्यांदा तेच केलं. रात्री गणपतीपुळ्याला पोचलो आणि दिवसभरात काय पाहिलं ते आठवेना. दुसऱ्या वेळी गाडी घरी ठेवली. एसटी आणि बोट, एवढंच. आठ दिवस लागले. माझं मत विचाराल तर असंच या.

एसटीत वस्तीची गाडी पकडा. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचते, रात्री तिथेच थांबते, पहाटे परत निघते. तिच्यात बाजार करून परतणारी माणसं असतात, आणि राहायला घर कुठे मिळेल हे कंडक्टरइतकं कुणाला ठाऊक नसतं. जेवण मात्र आधी सांगावं लागतं. सकाळी सांगितलंत तर दुपारी ताट मिळेल. आयत्या वेळी गेलात तर त्या घरातल्या बाईची धावपळ होते, ते करू नका.

आता दाभोळ. बहुतेक लोक इथे बोटीच्या रांगेत गाडीतच बसून राहतात. अहो, उतरा! बहमनी काळात हे मोठं बंदर होतं, इथून जहाजं इराणच्या आखातात जायची. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात भारत फिरला आणि परत जाताना इथूनच जहाजात बसला. 1508च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे गाव जाळलं. जेट्टीजवळच विजापूरच्या धाटणीची, घुमट आणि मिनारांची जुनी दगडी मशीद आहे. मक्केला निघालेली विजापूरची राजकन्या इथे अडकली आणि तिने ती बांधवली, असं सांगतात. गावात चंडिकेचं देऊळ आहे, गुहेत. आत काळोख, फक्त तेलाचे दिवे. डोळे सरावेपर्यंत तिथे उभं राहावं लागतं, घाई करून देवी दिसतच नाही.

आणि ज्याला सगळे दाभोळचा वीजप्रकल्प म्हणतात, तो दाभोळला नाही! तो या काठावर आहे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलजवळ.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, भरतीचा हिशोब. हा मला एका खलाशाने शिकवला. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा आणि सहा, म्हणजे दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तो जमतो. चंद्र आकाशात दिसत असेल तर कॅलेंडरसुद्धा लागत नाही. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं.

हे कळलं की खाडी वेगळीच दिसायला लागते. आज सकाळी ओहोटीला मी इथेच होतो. खडकांवर बायका कालवं काढत होत्या, चिखलात बगळे उतरले होते. त्या जागी आता पाणी आहे.

पावसाळ्यात येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा, समुद्र खवळला की फेऱ्या थांबवतात. आणि शेवटची बोट किती वाजता, हे जेट्टीवर पोचल्या पोचल्या विचारून घ्या. या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलंय. इथल्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, त्यामुळे पूल हवेतच. पण त्याआधी एकदा या बोटींनी या, मनापासून सांगतो.

आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. आता चार वाजून वीस मिनिटं झालीत, आणि हे बघा, पाणी उताराच्या वरच्या कडेला टेकलंय. बोट लागली. चला, पलीकडे भेटू.