आधी पालकांना विचारा

श्रोतेहो, नमस्कार. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या पालकांना आधार कसा द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि मला सांगायचे आहे ते आरंभीच सांगून टाकते: अशा पालकांना काही सांगण्यापूर्वी त्यांना विचारावे. आधी विचारावे, मग सांगावे.

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडून बेळगावला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये अशा आया नेहमी दिसतात. मांडीवर मूल असते आणि हातातल्या पिशवीत केसपेपर, आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशन कार्ड आणि मुलाचे पासपोर्टचे फोटो असतात. ही आई जिथे जाईल तिथे तिला सूचना मिळतात. डॉक्टर सांगतात की व्यायाम रोज करून घ्या, वाचाउपचार करणाऱ्या सांगतात की मुलाशी सतत बोला, शाळा सांगते की घरी अभ्यास घ्या, सासू सांगते की सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोल, आणि शेजारीण सांगते की मोबाइल दाखवलात म्हणूनच असे झाले. तुमचा दिवस कसा जातो, तुम्ही जेवता कधी, झोपता कधी, असे विचारणारे माणूस मात्र तिला क्वचितच भेटते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे स्त्रियांना साध्या बसचे तिकीट पडत नाही, ही या आयांसाठी फार मोठी सोय झाली. तरीही आईला तिकीट लागत नाही म्हणून सगळ्या खेपा आईनेच घालाव्यात, असा हिशेब काही घरांत मांडला जातो, आणि तो मला अजिबात पटत नाही.

यावरून एक हकिकत सांगते. ती मला फार प्रिय आहे, म्हणून सविस्तर सांगणार आहे. बेळगावच्या वडगाव भागात यंत्रमाग चालवणारे एक विणकर कुटुंब आहे. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागे स्वयंपाकघर, असे त्यांचे घर. त्यांचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे आणि त्या वेळी तो मोजकेच शब्द बोलत असे. शाळेत सकाळभर तो बरा राही, परंतु दुपारचे जेवण आटोपून वर्ग शांत बसला की हा कानांवर हात दाबून किंचाळू लागे आणि कधीकधी स्वतःच्याच मनगटाला चावे. प्रत्येक पालकसभेत हा विषय निघे. सभा बुधवारी सकाळी अकरा वाजता भरत असे आणि ती वेळ माग चालवण्याची असल्यामुळे सभेला एकटी आईच येई. घरी लाड कमी करा, झोपेची वेळ पाळा, दुपारी गोड देऊ नका, असे तिला सांगितले जाई. ती मान हलवी आणि पदराने मुलाचे तोंड पुसत राही.

पुढे शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी सुचवले की एक सभा माग बंद असतात त्या सुटीच्या दिवशी, तीही वडगावातच घ्यावी. ती सभा गल्लीतल्या एका देवळाच्या सभागृहात झाली आणि तिला वडील मंडळीही आली. बाईंनी त्या दिवशी कोणालाही काही सांगितले नाही, फक्त प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुमचे मूल घरी कशाने शांत होते? या विणकरदादांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, पोर हट्ट करत न्हाई. माग थांबला की घरातबी असंच करतंय. काय तरी ठोकत ऱ्हायलं की गप्प बसतंय." असे म्हणून त्यांनी समोरच्या बाकावर बोटांच्या पेरांनी ठेका धरला, खट-खट, खट-खट, अगदी मागाच्या चालीवर. मुलगा तेव्हा खिडकीशी बसून बाटलीचे झाकण फिरवत होता. तो उठला, बाकाजवळ आला आणि त्याने आपला तळहात बाकाच्या फळीवर सपाट टेकवला. वडील ठोकत राहिले आणि तो तसाच उभा राहिला.

दुपारी आई दुसऱ्यांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जात असे आणि मुलगा वडिलांजवळ मागाशेजारी असे. वीज गेली आणि माग थांबला की मुलाचे काय होते, हे त्यामुळे वडिलांनाच नेमके ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. त्यानंतर वर्गात जेवणानंतरची काही मिनिटे सारी मुले मिळून बाकावर ठेका धरू लागली, आणि वडिलांनी एक जुना लाकडी धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे साधन, मुलाच्या दप्तरात दिला. किंचाळणे पूर्ण थांबले नाही, पण पुष्कळ कमी झाले, आणि ते सुरू झाले तर काय करायचे हे सगळ्यांना कळले. याच सभेत आईही प्रथमच बोलली. ती म्हणाली की रात्री मुलगा जागा असतो, आपल्याला दुपारी दोन तास झोप मिळाली तर बाकीचे सगळे आपण करू. तिथेच बसलेल्या दुसऱ्या एका आईने आठवड्यातून एक दुपार मुलाला आपल्या घरी ठेवून घेण्याचे कबूल केले.

ठेक्याने प्रत्येक स्वमग्न मूल शांत होईल, असा अर्थ मात्र कोणी काढू नये, कारण कित्येक मुलांना आवाजच सोसत नाही. म्हणूनच आधी विचारावे, मग सांगावे.

येथे आणखी एक मनातले बोलते. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, मुलांना मांडवात तासन् तास बसवून पाहुण्यांची भाषणे ऐकवण्याची प्रथा बंद व्हावी. तो दिवस पालकांच्या विश्रांतीसाठी द्यावा.

आता हक्कांविषयी थोडक्यात सांगते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. ज्या मुलाचे दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणपत्र आहे, त्याला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, देशभर ग्राह्य आहे. उपचारांसाठी कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला जाणाऱ्या आपल्या सीमाभागातील कुटुंबांनी ते सोबत ठेवावे. मात्र राज्य सरकारच्या सवलती ज्या त्या राज्याच्या नियमांनुसार मिळतात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय ही आरोग्य विमा योजना असून तिची मर्यादा वर्षाला 1 लाख रुपये आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हा पातळीवरील समितीकडे करावा लागतो. अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे ग्रामपंचायतीतील ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला विचारावे.

कागद बहुधा कन्नडमध्ये येतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या आईला व्यायामाचा छापील कागद घरी जाऊन वाचता येत नाही. अशा वेळी उपचार करणाऱ्यांना विनंती करून तो व्यायाम मोबाइलवर चित्रित करून घ्यावा. असा व्यायाम आजीला आणि थोरल्या भावंडांनाही करून घेता येतो, म्हणजे सारा भार आईवर पडत नाही.

नातेवाइकांना माझी विनंती आहे की लग्नकार्यात, जत्रेत या मुलासह कुटुंबाला बोलवावे, आणि बोलावल्यावर मुलाला तासभर आपण सांभाळून आई-वडिलांना निवांत जेवू द्यावे. शाळांनाही एक विनंती आहे. वडगाव, खासबागेत पालकसभा माग बंद असतात त्या दिवशी घ्यावी, आणि खानापूर तालुक्यात भाताची कापणी चालू असेल तर ती संध्याकाळी घ्यावी. सभेच्या चिठ्ठीवर आई आणि वडील या दोघांचीही नावे लिहावीत. नमस्कार.