न्यू इकोटाची पाटी

मंडळी, अमेरिकेत चेरोकी या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या स्मृतिशिळा पाहत फिरलात, तर त्यातल्या बहुतेक एकच गोष्ट सांगतात: १८३८ साली हे लोक इथून हाकलले गेले. ते खरेच आहे, पण हाकलण्याआधी तिथे काय होते हे कळल्याशिवाय त्या अन्यायाचा अंदाज येत नाही.

जॉर्जियातले न्यू इकोटा घ्या. १८२५ साली चेरोकी राष्ट्राने ही आपली राजधानी ठरवली. विधिमंडळ होते, सर्वोच्च न्यायालय होते, १८२७ साली लिखित राज्यघटना आली. आणि छापखाना होता. सिक्वोया नावाच्या, चांदीकाम करणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी वर्षानुवर्षे खपून त्याने १८२१च्या सुमारास स्वभाषेची लिपी तयार केली. थोड्याच वर्षांत हजारो लोक ती वाचू लागले. बोस्टनहून तिचे छपाईचे खिळे ओतून आणले आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स' या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. संपादक इलायस बुडिनॉट. १८३५ साली जॉर्जियाच्या शिपायांनी तो छापखाना जप्त केला. १९५४च्या उत्खननात त्याचे खिळे मातीतून वर आले. माझ्या मते न्यू इकोटाच्या पाटीवर पहिली ओळ या छापखान्याची असायला हवी.

पुढचे थोडक्यात सांगतो. डोंगरात सोने सापडले, १८३० साली अमेरिकी काँग्रेसने मूळनिवासींना पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, पण तो कुणी राबवला नाही. डिसेंबर १८३५ मध्ये मूठभर लोकांनी न्यू इकोटातच जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यात बुडिनॉटही होता. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांनी विरोध केला, तरी १८३६ साली सिनेटमध्ये करार एका मताने तरला. पुढे पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा निषेध-अर्ज वॉशिंग्टनला गेला, त्याचाही उपयोग झाला नाही. मग सैन्य आले. सुमारे सोळा हजार लोक पश्चिमेला नेले गेले, त्यातले चार हजारांच्या आसपास मेले असे मानतात.

चेरोकींविरुद्धचे आपले जुने कायदे जॉर्जियाने रद्द केले ते थेट १९६२ साली. हे सालही दगडावर यावे, म्हणजे सगळे खापर जुन्या काळावर फोडता येणार नाही.

आणि एक गोष्ट, जी अभिमानाच्या भरात सुटते. टेनेसीत ब्लाइथ फेरीला, जिथून लोकांनी नदी ओलांडली, स्मारकाच्या भिंतींवर १८३५च्या शिरगणतीतल्या कुटुंबप्रमुखांची नावे कोरली आहेत. त्याच शिरगणतीत चेरोकींच्या मालकीचे १,५९२ कृष्णवर्णीय गुलाम नोंदले आहेत, नावांनी नव्हे, नुसत्या आकड्यांनी. ज्या राज्यघटनेचे मी आत्ता कौतुक केले, तिने या लोकांना काहीच हक्क दिले नव्हते. त्यांच्यातलेही कित्येक ती वाट चालले. नावे मिळत नसतील तर निदान तो आकडा तरी त्या वाटेवरच्या पाट्यांवर ठळक लिहा, आणि मालक कोण होते तेही लिहा.