उलाळ आणि धुरजड

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात कोल्हापूरला दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'जुन्या जीपमागे कॅम्पर ट्रेलर : तांत्रिक बाजू' असा छापलाय. तांत्रिक बाजूवर मी येणारच आहे. पण बरीच वर्षं दोन शब्द माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलेत, ते आधी तुमच्यापुढं ठेवतो. उलाळ आणि धुरजड. ज्यांना हे शब्द माहीत आहेत त्यांनी हात वर करा बघू. मागच्या दोन रांगा पूर्ण वर! शाहूवाडी-पन्हाळ्याकडची मंडळी दिसतायत. आणि पुढं, जिथं गाड्यांचे मालक बसलेत, तिथं एकच हात. म्हणूनच हे व्याख्यान.

बैलगाडीला आस एक आणि चाकं दोन. आसाच्या मागं ओझं जास्त झालं की गाडी मागं कलते, जू वर उचलतं आणि जुपण्या, म्हणजे जुवाला बांधलेले पट्टे, बैलांच्या गळ्याला काचतात. ती गाडी उलाळ. ओझं पुढं जास्त झालं की सगळा भार मानेवर येतो. ती धुरजड. ऊस भरताना गाडीवान काय करतो ते आठवा. मोळ्या रचत जातो, मध्येच खाली उतरून पुढं येतो, जू हातानं उचलून बघतो, परत जातो, दोन मोळ्या पुढं सरकवतो, पुन्हा येऊन उचलून बघतो. कागद नाही, पेन्सिल नाही. त्याला थोडीशी धुरजड गाडी हवी असते. बैलांनी ओझं सोसायचं इतकीही नको, आणि खड्ड्यात उचल खाईल इतकी हलकीही नको.

आता युरोप-अमेरिकेत ट्रेलर ओढणारी मंडळी हेच मोजतात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी किती वजन हुकावर येतं, याला अमेरिकेत टंग वेट म्हणतात, इंग्लंडात नोज वेट. एकाच आसाच्या ट्रेलरला अमेरिकेत साधारण दहा ते पंधरा टक्के सांगतात. पाचशे किलोचा ट्रेलर असेल तर हुकावर पन्नास ते पंच्याहत्तर किलो. म्हणजे गुळाचे तीस-तीस किलोचे दोन रवे हुकावर ठेवलेत असं धरा. मला त्या टंग वेटबद्दल काही म्हणायचं नाही, पण आपल्याकडे त्यासाठी तयार, कसदार, एका दमात बोलता येणारे दोन शब्द आहेत. आपल्या गॅरेजमध्ये, आपल्या मिस्त्रींच्या तोंडी ते परत यावेत एवढंच माझं मागणं आहे. शब्द हाताशी असला की माणूस ती गोष्ट तपासतो. शब्द नसला की ट्रेलर जोडतो, हुकाला पिन मारतो आणि निघतो. मीही तसाच निघालो होतो, ते सांगतो.

त्याआधी जीपबद्दल दोन शब्द. माझी जीप १९६६ची, वडिलांनी घेतलेली. सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली. विलिस कंपनीनं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्यामुळं इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेट उचलावं लागलं. आपल्याकडे महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, पुढं हीच उंच बॉनेटवाली इथं तयार व्हायला लागली आणि अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षं निघत राहिली. इंजिन २१९९ सीसी, गिअर तीन, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारं मास्टर सिलिंडर सगळ्यांना मिळून एकच. पेडलाला जोर देणारा बूस्टर नाही. पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर ऐंशी इंच. हा ऐंशीचा आकडा लक्षात ठेवा.

आणि जीपमागं ट्रेलर लावणं हे आजचं फॅड नाही. दुसऱ्या महायुद्धात जीपबरोबरच तिचा पाव टनी ट्रेलर आला. रिकामा साधारण अडीचशे किलोचा. चाकं जीपचीच, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालायची. पत्र्याची पेटी अशी जलरोधक की पाण्यात तरंगायची. त्याला हातब्रेक होता, पण तो उभं करायला. चालताना त्याला थांबवायचं काम जीपच्याच ब्रेकांचं.

इथं एक सल बोलून घेतो. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. कल्पना चांगली आहे. पण त्या नंबरावर गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोज वापरायची नाही. माझी जीप ट्रेलर ओढत कोकणात जाते. तिला मी व्हीए नंबर घेतलेला नाही, जुना नंबर ठेवलाय आणि दर पाच वर्षांनी फिटनेस करून घेतो. माझं ठाम मत आहे की ओढण्यासाठी जन्माला आलेलं यंत्र ओढत राहिलं तरच धड राहतं. उभ्या गाडीच्या व्हील सिलिंडरला गंज धरतो, हे इथल्या प्रत्येकानं स्वतःच्या हातानं खरवडून बघितलंय. असो, यावर स्वतंत्र बैठक घ्यावी लागेल.

तर आंबा घाट. डिसेंबरचे दिवस. मी, माझी पत्नी, मेहुणे आणि भाचा. निघालो गणपतीपुळ्याला. ट्रेलर कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याच नकाशावरून बनवून घेतला होता. अँगलची चौकट, प्लायची पेटी, वर उघडणारा तंबू आणि मागच्या फळीत स्वयंपाकघर: स्टोव्ह, डबे, ओटा आणि शंभर लिटरचा पाण्याचा ड्रम. ड्रम मागं का? तर नळ ओट्याजवळ हवा. सोय बघितली, तोल बघितला नाही. मलकापूर सोडलं, रस्ता सरळ, पंचावन्न-साठचा वेग. आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, प्रत्येक झोक्याला थोडा जास्त. स्टिअरिंग सरळ धरलंय आणि जीपची पाठ मात्र कुणीतरी धरून गदगदा हलवतंय. पाय एक्सलेटरवरून उचलला, ब्रेक दाबला नाही, हे माझं नशीब. चाळीसवर आल्यावर शांत झालं. वाटलं, रस्ता खराब असेल.

आंबा गावात चहाला थांबलो. टपरीपाशी एक आजोबा बसले होते. ते उठले, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, पुढं आले आणि ड्रॉबार, म्हणजे ट्रेलरचा हुकाला जोडायचा पुढचा दांडा, हातानं वर उचलून बघितला. शेलाट्या अंगाचा, सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि ड्रॉबार त्यांच्या हातात सहज वर आला. म्हणाले, "उलाळ भरलीया की ही. पाणी पुढं घ्या, दादा." मी हो हो म्हटलं, चहाचे पैसे दिले आणि निघालो. ड्रम हलवायचा म्हणजे अर्धं स्वयंपाकघर उपसावं लागलं असतं. ते आळसावलेलं 'हो हो' मला आजही टोचतं, कारण गाडीत माझी माणसं होती.

पुढचा हिशोब मी नंतर घरी केला, तो ऐका. पाणी नसताना ट्रेलर साडेचारशे किलोचा आणि हुकावर साठ किलो. म्हणजे ठीक होतं. शंभर किलो पाणी आसाच्या मागं एक मीटर, हुक आसाच्या पुढं दोन मीटर. तरफेचा नियम शाळेतलाच. शंभर किलो मागं एक मीटर म्हणजे हुकावरून पन्नास किलो उचलले गेले. साठातले पन्नास गेले, राहिले दहा. ट्रेलर साडेपाचशेचा आणि हुकावर दहा! खड्डा आला की तेही नाहीत, उलट जीपची पाठ वर उचलली जातेय. आता तो ऐंशीचा आकडा आठवा. एवढ्या आखूड गाडीला मागून कुणी आडवं हिसकलं की तिच्याकडे टिकून राहायला लांबीच नाही.

घाटात उतरायला लागलो. दुसरा गिअर आणि ब्रेक, ब्रेक आणि दुसरा गिअर. चार-पाच वळणांनंतर ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला. पत्नी म्हणाली, "काहीतरी जळतंय हो." पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. त्याच्या पुढच्या वळणाला मऊ लागलं, स्पंजवर पाय ठेवावा तसं. वळणात ब्रेक लावला तर हलकी झालेली जीपची पाठ ट्रेलरनं बाहेर ढकलली, आणि आरशात मला ट्रेलरची बाजू दिसली. मागून येणाऱ्या वस्तूची बाजू आरशात दिसणं म्हणजे काय, ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. पहिला गिअर टाकावा तर या गिअरबॉक्सला पहिल्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज पाडणारी सोय, नाही; उतारावर चालत्या गाडीत तो पडत नाही. राहिला हातब्रेक. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागं प्रॉपेलर शाफ्टवर असतो, त्याचा ड्रम वेगळा. म्हणून तो थंड होता. हळूहळू ओढला, पेडल पंप करत राहिलो आणि दरडीच्या बाजूला गाडी टेकवून उभी केली. भाच्यानं उडी मारून चाकाखाली दगड लावला. मी खाली उतरलो आणि बाटलीतून बोटानं पाण्याचा एक थेंब ब्रेकच्या ड्रमवर उडवला. चर्र झालं आणि थेंब दिसेनासा झाला. आम्ही तिथं तास-दीड तास बसलो. शंभर लिटर पाणी सोडून दिलं आणि पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं साखरप्याला उतरलो.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. तांत्रिक बाजू राहिली! भरभर सांगतो, लिहून घ्या.

ब्रेक का गेले? जीप, माणसं, ट्रेलर मिळून एकोणीसशे किलो धरा. शंभर मीटर उंची उतरलात आणि तेवढी सगळी ऊर्जा ब्रेकांनी खाल्ली, तर सहा-सहा किलोचे चार ड्रम धरले की तापमान एकशे सत्तर अंशांच्या आसपास वाढतं. हवेनं थोडं कमी होईल, पण घाट शंभर मीटरचा नसतो. त्यात डॉट-३ ब्रेक ऑइल. नवं असताना ते दोनशे पाच अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की एकशे चाळीसलाही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, पेडल मऊ. म्हणून पावसाळा संपला की ऑइल बदला. आणि वेग चढू द्यायचाच नाही: ज्या घाटाला जो गिअर लागेल तो वरच, उभं राहून टाका.

दुसरं, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. मूळ रूप जपणाऱ्यांची अडचण मला कळते, जीपच्या ब्रेकलाइनला हात लावायचा नाही. त्यावर उपाय ओव्हररन ब्रेक. जीप हळू झाली की ट्रेलर पुढं ढकलतो, त्या ढकलण्यानंच हुकामागचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. जीपला एक भोकही पाडावं लागत नाही. माझ्या ट्रेलरला मी तो बसवून घेतला.

तिसरं, वजन. जीप हजार-अकराशे किलोची. ट्रेलर भरून निम्म्याच्या वर मी जाऊच देत नाही. आताचा ट्रेलर चारशे वीस किलोचा, हुकावर पन्नास, पाणी आसाच्या किंचित पुढं. फार धुरजडही करू नका, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. ट्रेलर हलायला लागला तर पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा, जीपचा ब्रेक जोरात मारू नका. जीप आणि ट्रेलर जोडणाऱ्या साखळ्या दोन, हुकाखाली फुलीसारख्या. आणि ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, त्याचा नंबर वेगळा, हे विसरू नका.

रेडिएटरचं आणि चढाचं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा. बाहेर पटांगणात माझी जीप उभी आहे, ट्रेलर सोडून ठेवलाय आणि धान्याच्या दुकानातला काटा मागून आणलाय. या पुढच्या रांगेतल्या मंडळींनी आधी ड्रॉबार हातानं उचलून किलो सांगायचे, मग आपण काट्यावर बघू. मागच्या रांगेतल्यांनी तोवर गप्प बसायचं.