उडालेला फ्यूज आणि लोणच्याची बरणी

श्रोतेहो, नमस्कार. सातपूरच्या एका कारखान्यात मी नोकरी करतो. निकाल लागले की ओळखीतलं एखादं पोर पेढे घेऊन येतं आणि हळूच विचारतं, "काका, बी.ई. मेकॅनिकलला झालंय, एम.टेक. इलेक्ट्रिकलकडचं करता येईल का हो?" मला विचारतात, कारण मी तेच केलंय.

येतं की! गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा, तिला कुठल्याही ब्रँचच्या मुलाला कुठलाही पेपर निवडता येतो. 2021पासून ठरावीक जोड्यांतले दोन पेपरही देता येतात. स्कोअर 3 वर्षं चालतो. पण परीक्षेला बसू देणं वेगळं आणि प्रवेश देणं वेगळं. कोणती पदवी आणि कोणता पेपर चालेल, हे प्रत्येक अभ्यासक्रमाचं आपापलं ठरलेलं असतं. तो तक्ता आधी वाचायचा, मग क्लासची फी भरायची. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं!

मी कंट्रोल सिस्टिम्स घेतलं, म्हणजे यंत्राचा वेग, तापमान वगैरे हवं तिथं आपोआप राखायचं शास्त्र. तिथं मेकॅनिकलवाला अगदीच परका नसतो. स्कूटर खड्ड्यात आपटते तेव्हा काय होतं बघा. स्प्रिंग दाबली जाते, उसळते, आणि शॉक अॅब्सॉर्बर ती उसळी जिरवतो. आता कॉइल, रेझिस्टन्स आणि कपॅसिटर एका ओळीत जोडा. कॉइल वस्तुमानासारखी अडून बसते, रेझिस्टन्स शॉक अॅब्सॉर्बरचं काम करतो, कपॅसिटर स्प्रिंगचं. कागदावर समीकरण तेच, दुसऱ्या ऑर्डरचं. फक्त अक्षरं बदलतात. हे फळ्यावर पाहिलं त्या दिवशी मी खुशीत दोन चहा प्यायलो.

खुशी लॅबपर्यंतच टिकली. मल्टिमीटर करंटवर ठेवलेला, आणि मी त्याच्या पिना थेट सप्लायच्या दोन टोकांना लावल्या. करंट मोजताना मीटर आतून जवळजवळ नुसती तारच असतो, हे डिप्लोमाच्या पोरालाही ठाऊक. टक्‌ झालं, फ्यूज गेला. लॅब असिस्टंट म्हणाले, "मेकॅनिकल का?"

त्या रात्री घरी फोन केला. बी.ई.च्या पहिल्या वर्षाचं बेसिक इलेक्ट्रिकलचं पुस्तक, जे पास होताच मी माळ्यावर फेकलं होतं, ते आईनं शोधून पाठवलं. त्याच खोक्यात वर लोणच्याची बरणीही ठेवली. थेव्हेनिनच्या, म्हणजे किचकट सर्किट सोपं करून मांडायच्या नियमाच्या पानावर तेलाचा डाग अजून आहे.